हवा कशी येतेय?

माणसं एकमेकांना भेटली की "कसे आहात?" विचारतात. आमचे काका विचारायचे, "हवा कशी येतेय?" लग्नाच्या हॉलमध्ये विचारायचे, देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये विचारायचे, आणि इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना शेजारी उभ्या असलेल्या, जन्मात पहिल्यांदा दिसलेल्या बाईलाही विचारायचे. ती बिचारी एकदा छताकडे बघायची, एकदा काकांच्या माकडटोपीकडे बघायची, आणि हातातला दुधी तिथेच टाकून पुढे सरकायची. मला हसू आवरायचं नाही. ओळखीच्यांना मात्र प्रश्न बरोबर कळायचा. तुमच्या घरातल्या व्हेंटमधून गरम हवा नीट येतेय ना, एवढंच त्यांना हवं असायचं. बाकी तुमची नोकरी, ग्रीन कार्ड, मुलांची ॲडमिशन यात त्यांना काडीचाही रस नव्हता.

काका माझे नात्याने कुणी नव्हते. मला अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात नोकरी लागली आणि मी त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला गेले, एवढीच ओळख. मी नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी, एकटी आणि तोंडाने फटकळ. ते मूळचे सांगलीचे, रिटायर्ड इंजिनियर, सगळी हयात अमेरिकेत काढलेले. काकू मी यायच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या. एकुलती एक मुलगी तिकडे दूर पश्चिमेला, चँडलरला, चिप्स बनवणाऱ्या कंपनीत. एवढ्या मोठ्या घरात वर ते आणि खाली मी. मला त्यांनी नावाने कधी हाक मारलीच नाही. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ओरडायचे, "काय नागपूरकर, हवा कशी येतेय?"

पहिल्या हिवाळ्यात मी खरं उत्तर दिलं आणि पस्तावले. म्हटलं, "काय येणार काका, गारच येतेय. तुमचा हीटर बिघडलाय." दोन मिनिटांत ते खाली हजर. हातात एक लांब दांडीचा थर्मामीटर. काकूंचा होता तो, गुलाबजामच्या पाकाचा. त्यांनी तो व्हेंटसमोर धरला आणि मला म्हणाले, "हात काढ. हात खोटं बोलतो."

"माझा हात खोटं बोलतो?"

"सगळ्यांचाच. हवा अंगापेक्षा थंड आहे म्हणून हाताला गार लागते. पण खोलीपेक्षा गरम आहे की नाही? मग झालं तर. तुम्हा लोकांना भट्टीसारखा झोत पाहिजे. हा हीट पंप आहे, भट्टी नव्हे. हा कोमट हवा देतो, पण देत राहतो. धीर धरायचा."

मग मला जमिनीवर बसवून त्यांनी अख्खं व्याख्यान दिलं. जॉर्जियात बऱ्याच घरांना असतो हा हीट पंप. बाहेर अंगणात पंख्याची एक मोठी पेटी, उन्हाळ्यात ती घरातली उष्णता बाहेर टाकते, हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत आणते. मी म्हटलं, "बाहेर दात वाजतायत काका, तिथे कुठून आली उष्णता?" तर म्हणाले, "असते गं. कितीही गारठा पडू दे, हवेत थोडी ऊब असतेच. हा ती गोळा करतो आणि आत आणतो. तयार काही करत नाही, नुसती आणतो." हे शेवटचं वाक्य त्यांचं फार आवडतं होतं. मी ते पुढे इतक्या घरांत, इतक्या वेळा ऐकलं की काका श्वास घेतील तिथे मीसुद्धा घ्यायचे.

इतक्या घरांत म्हणजे, काका गावातल्या मराठी लोकांचे हीट पंप बघायला जायचे. कुणाचं घर तापत नसलं की फोन यायचा. पैसे घ्यायचे नाहीत, चहा घ्यायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हायवेवर गाडी घालायला घाबरायचे, म्हणून ड्रायव्हर मी. रविवारी दुपारी मी जरा कुठे आडवी होतेय तोवर जिन्यावरून हाक यायची, "नागपूरकर, पेशंट आलाय!" मी कुरकुरत उठायचे. पण खरं सांगते, रविवारची दुपार बेसमेंटमध्ये एकटीने काढण्यापेक्षा ते बरंच होतं.

त्यांची तपासणी ठरलेली. आत गेल्यावर बूट काढायचे, पण माकडटोपी नाही. आणि मग पहिला प्रश्न: "थर्मोस्टॅटच्या आसपास काय ठेवलंय?" नेहमी हाच पहिला. भिंतीवर तापमान बघणारी ती डबी असते ना, तिच्याजवळ टीव्ही आहे का, टेबललॅम्प आहे का, उन्हाची तिरीप येते का. "यंत्र ऐकतं थर्मोस्टॅटचं, आणि थर्मोस्टॅट बघतो फक्त स्वतःपुरतं. त्याच्या नाकाशी काही गरम असलं की त्याला वाटतं, अख्खं घर सुखात आहे. मग तो कशाला यंत्राला उठवतोय?" त्यानंतर फिल्टर. फिल्टर काढला की नाकाशी नेऊन वास घ्यायचे आणि गृहिणीला म्हणायचे, "काल मासे होते ना?" होतेच. मग व्हेंट, मग बाहेरची पेटी, मग ब्रेकर. आणि सगळं झालं की सोफ्यावर मांडी ठोकून म्हणायचे, "आता वाट बघायची."

ही वाट बघणं म्हणजे काकांच्या भेटीचा खरा कार्यक्रम. घर तापायला वेळ लागतोच, पण काका आकडा पुरता चढेपर्यंत हलायचेच नाहीत. "अर्धा कप" म्हणून चार वेळा चहा व्हायचा. सांगलीच्या गोष्टी व्हायच्या. घरातली मुलं एकेक करून "बाय अंकल" म्हणत वर सटकायची. यजमान घड्याळाकडे बघायचा, यजमानीण फ्रीज उघडून उगाच आत बघायची, आणि मी काकांना कोपराने ढोसायचे. ते मोठ्याने म्हणायचे, "अगं थांब, अजून एक डिग्री बाकी आहे."

एकदा एका घरी हवा परत ओढून घेणारी जी मोठी जाळी असते, तिच्यासमोरच देवघर मांडलेलं. भलं थोरलं, सागवानी, पुण्याहून मागवलेलं. जाळी बंद, घराचा श्वास कोंडलेला, वरचे मजले थंडगार. पण देवघर हलवायचं कुणी? मुहूर्त बघायला हवा, गुरुजींना विचारायला हवं, नवराबायकोत तिथेच जुंपली. काका पुढे झाले, टोपी काढली (तोवर मी हे कधीच बघितलं नव्हतं), हात जोडले आणि देवाला म्हणाले, "सरका थोडं. तुमच्या पाठीमागून घराला श्वास घ्यायचाय." आणि मला म्हणाले, "धर दुसरी बाजू." आम्ही देवघर उचललं, दुसऱ्या भिंतीला लावलं, घर तापलं. जाताना नवरा म्हणाला, "काका, यू आर टू मच यार."

आणि ती गोधडीची गोष्ट. एका मुलाकडे त्याची आई आली होती कोल्हापूरकडची, सहा महिन्यांच्या व्हिसावर. घर दोन दिवस तापत नव्हतं. काकांनी सगळं तपासलं, ठीक. मग बाहेर गेले तर अंगणातल्या पेटीला गोधडी गुंडाळलेली! चांगली जुन्या लुगड्यांची, सुतळीने करकचून बांधलेली. मुलगा कपाळावर हात मारून, "आई, व्हॉट इज धिस!" असं ओरडायला लागला. आई रडवेली. म्हणाली, "रात्रभर कुडकुडतंय हो ते. वरनं बर्फ, आणि सकाळी बघते तर अंगातनं वाफा निघतायत. मला वाटलं तापलंय बिचारं." थंडीत त्या पेटीवर बर्फ साठतो आणि यंत्र स्वतःच तो वितळवतं, त्याची ती वाफ. काका हसले नाहीत. मुलाला गप्प बसवलं, सुतळी सोडली, गोधडी झटकून नीट घडी केली आणि त्या बाईंच्या हातात देऊन म्हणाले, "ताई, त्याला बाहेरच्या हवेतूनच ऊब आणायची असते. झाकलं तर कुठून आणील? पण तुम्ही विचार केलात त्याचा, ते बरं केलंत." त्या दिवशी वाट बघणं फार लांबलं. काका आणि त्या आजी समोरासमोर बसून बोलत राहिले. मुलगा आणि सून लॅपटॉप उघडून आपापल्या खोल्यांत. परत येताना गाडीत काका मागे वळून त्या घराकडे बघत होते. मग म्हणाले, "दिवसभर त्या काचेपाशी बसून असतात. बोलायला त्या पेटीशिवाय कोण आहे त्यांना?"

पुढेपुढे फोन कमी झाले. लोकांनी सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट घेतली, ॲपवर बटण दाबलं की टेक्निशियन हजर. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहायचं, "हीट चालत नाहीये, एनी सजेशन्स?" आणि खाली धडाधड कंपन्यांचे नंबर यायचे. काकांचं नाव कुणी घ्यायचं नाही. एकाने तर लिहिलं, "काकांना सांगू नका, डिनरपर्यंत बसतील," आणि खाली हसण्याचे चेहरे. पाठवल्यावर त्याला आठवलं असणार की काका त्याच ग्रुपवर आहेत, कारण लगेच मेसेज डिलीट झाला. पण मी वाचला होता, म्हणजे काकांनीही वाचला असणार. रात्री जेवताना मी मुद्दाम विषय काढला, "आज कुणाचा फोन?" तर म्हणाले, "नाही. हवा चांगली येत असेल सगळ्यांकडे." इतका राग आला मला त्या लोकांचा! यांच्या घरातली देवघरं उचलून माझी कंबर धरली होती.

मग त्या दिवाळीत काका जिन्यावरून पडले. मोडलं काही नाही, पण कंबर सुजली. मुलगी चँडलरहून धावत आली. मुलगी वाईट नव्हती हं, मुळीच नाही. बापावर जीव होता तिचा. मराठी समजायचं, बोलायची इंग्लिश. तीन दिवस बापलेकीचं एकच चाललं होतं. ती म्हणायची, "बाबा, सेल द हाउस. कम लिव्ह विथ अस." काका म्हणायचे, "मी इथे ठीक आहे." ती म्हणायची, "यू आर अलोन." काका माझ्याकडे बोट दाखवायचे, "ही आहे की!" शेवटी तिने अट घातली. पलंग वरून हॉलच्या मजल्यावर आणायचा, जिना चढायचा नाही, आणि हॉलमध्ये नवीन थर्मोस्टॅट लावायचा, ज्याचा आकडा तिला तिकडे फोनवर दिसेल. घर गरम आहे तोवर बाबा नीट आहेत असं ती समजणार. ज्या दिवशी आकडा खाली जाईल, त्या दिवशी कारण न विचारता घर विकायचं आणि चँडलरला जायचं. काकांनी मान्य केलं. तिला एअरपोर्टला सोडताना ती मला म्हणाली, "ही विल फ्रीझ अँड नॉट टेल मी. आय नो हिम." मी म्हटलं, "अगं, हीट पंप काका म्हणतात त्यांना. त्यांच्या घरात कसली थंडी?"

ती गेल्यावर काकांनी मला वरच्या खोलीतून काकूंचा फोटो आणायला लावला. जिना चढायचा नाही, म्हणजे रोजचा नमस्कार कसा व्हायचा? फोटो त्यांनी हॉलमध्ये लावला, थर्मोस्टॅटच्या शेजारी. खाली एक छोटी फळी ठोकली आणि त्यावर तेलाचा दिवा ठेवला. तो दिवसभर, रात्रभर तेवत असायचा. संपत आला की काका उठून तेल घालायचे. मी ऑफिसला जातायेता त्याला हात जोडायचे. देवापुढच्या, माणसापुढच्या दिव्याकडे आपण कुणी संशयाने बघतो का? मीही बघितलं नाही.

जानेवारीत अशी थंडी पडली की पाइप गोठून फुटतील म्हणून लोकांनी नळ ठिबकत ठेवले. आणि आमचं घर तापेना! बेसमेंटमध्ये माझे पाय बर्फ. मी वर जाऊन ओरडले, "काका, खरंच गार येतेय, हात खोटं बोलत नाहीये!" काका लगेच कामाला लागले. फिल्टर बदलला. व्हेंट पुसले. बाहेर जाऊन पेटीभोवतीची पानं काढली. ब्रेकर बंद करून पुन्हा लावला. यंत्र मधूनच खोकल्यासारखं दोन मिनिटं चालायचं आणि गप्प व्हायचं. मी म्हटलं, "टेक्निशियन बोलवा." ते उखडले, "कशाला? मी मेलोय का?" पण मला स्वतःचा छोटा इलेक्ट्रिक हीटर आणून दिला, काकूंची रजई आणून दिली, आणि स्वतः दोन स्वेटर, मफलर, टोपी घालून खुर्चीत बसून राहिले. चँडलरहून फोन यायचा, "सेव्हंटी! गुड जॉब बाबा!" आकडा फॅरनहाइटमधला, सत्तर म्हणजे उबदार घर. काका म्हणायचे, "हो बेटा, छान गरम आहे." मला वाटायचं, म्हातारा लेकीला काळजी नको म्हणून बोलतोय. मी मध्ये पडले नाही.

चारपाच दिवसांत मला ताप भरला. अंग असं दुखायला लागलं की बेसमेंटमधून उठवेना. काकांनी जिना उतरायचा नाही हे विसरून खाली येऊन बघितलं, आणि मला हाताला धरून वर हॉलमध्ये आणलं. सोफ्यावर झोपवलं, अंगावर घरातलं सगळं पांघरूण टाकलं, गवती चहाचा काढा करायला गेले. दुपारची वेळ होती. मी पडल्यापडल्या समोरच्या भिंतीकडे बघत होते. काकूंचा फोटो. खाली दिवा. दिव्याच्या वरच थर्मोस्टॅट. त्यावर ऐटीत सत्तर आकडा. आणि माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

अरे बाप्पा!

काका काढा घेऊन आले. मी म्हटलं, "काका, लोकांच्या घरी गेल्यावर तुम्ही पहिला प्रश्न कुठला विचारता?"

ते काढ्यात चमचा फिरवत होते, तो थांबला. "पी आधी. गार होईल."

"काका."

"माहीत आहे गं मला," ते म्हणाले. खुर्चीत बसले. "पहिल्या दिवशीच कळलं. एवढंही कळणार नाही का मला?"

"मग?"

"तिथे उभी राहायची ती." त्यांनी भिंतीकडे बघितलं. "मी अडुसष्टवर ठेवायचो, ही येताजाता बहात्तर करायची. मी परत अडुसष्ट. आयुष्यभर तेच भांडण. पण दिवसातून दहादा त्या भिंतीपाशी आमची गाठ पडायची. ती गेल्यावर मी जिथे ठेवीन तिथेच आकडा राहतो. कुणी हातच लावत नाही. आणि दिवाळीनंतर तिथे दिवा लावला, स्वयंपाकघरातून येऊन बघतो तर आकडा वर चढलेला. मी चढवला नव्हता." त्यांनी टोपी कानांवर ओढली. "मी इंजिनियर आहे, वेडा नाही. दिव्यामुळे चढला हे मला कळतं. पण मग दिवा काढवेना."

"अहो पण घर गारठलंय!"

"या घरासाठीच तर सगळं सांभाळतोय. तिकडे हिच्या मुलीला सत्तर दिसतंय, ती निश्चिंत आहे. दिवा काढला की खरा आकडा दिसणार. की निघाली ती मला न्यायला. मग हे घर गेलं."

आजारी होते तरी माझं तोंड काही आजारी नव्हतं. "लोकांची देवघरं हलवलीत तुम्ही! देवाला सरका म्हणालात!"

"देव हलतो गं," काका म्हणाले. "तो सगळीकडे असतो. ही एवढ्या एकाच ठिकाणी उरलीये."

मला आईची आठवण येत होती, नागपूरचं ऊन आठवत होतं, अंग थडथड उडत होतं, आणि इतक्या मोठ्या देशात मला कपाळावर हात ठेवायला हा एक हट्टी म्हातारा सोडून कुणी नव्हतं. मला रडूच फुटलं. मी म्हटलं, "मला थंडी वाजतेय काका."

काकांनी काढ्याचा कप माझ्या हातात दिला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले, भिंतीपाशी गेले, टोपी काढली आणि फोटोला म्हणाले, "सरक गं थोडी. पोरगी गारठलीये." दिवा हाताच्या आडोशाने उचलला आणि लांब, डायनिंग टेबलावर नेऊन ठेवला. मग फोटोही काढला आणि तिथे दिव्यामागे उभा केला. भिंतीवर खिळा आणि आकडा, दोनच गोष्टी राहिल्या.

आकडा उतरायला लागला. सहासष्ट, साठ, चोपन्न, अठ्ठेचाळीस. आणि बाहेर अंगणात ती पेटी घरघरली आणि सुरू झाली. या वेळी थांबली नाही. त्यापाठोपाठ फोन वाजला.

"बाबा, इट सेज फॉर्टी-एट! व्हॉट हॅपन्ड? इज द हीट पंप ब्रोकन?"

मी सोफ्यावरून हातवारे करत होते. हो म्हणा, यंत्र बिघडलं म्हणा, आत्ताच बिघडलं म्हणा! काकांनी माझ्याकडे पाठ केली.

"यंत्र चांगलं आहे बेटा," ते म्हणाले. "मीच तुला खोटा आकडा दाखवत होतो."

तिकडून लहान मुलीसारखं रडणं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "आय ॲम कमिंग, बाबा." काका म्हणाले, "ये." फोन ठेवला. पाकाचा थर्मामीटर घेतला, वाकून माझ्या सोफ्यापाशी असलेल्या व्हेंटसमोर धरला आणि बसून राहिले.

"हवा कशी येतेय काका?" मी विचारलं. त्यांना हा प्रश्न उलट कुणी कधी विचारला नसावा. ते दचकले.

"कोमट," ते म्हणाले. डोळे पुसले. "कोमटच बरोबर."

मार्चमध्ये घर विकलं गेलं. मी मग जवळच एका अपार्टमेंटमध्ये राहायला गेले. निघताना काकांनी तो थर्मामीटर माझ्या हातात दिला. "तुला लागेल. मला तिकडे कशाला?" मंडळाने निरोपसमारंभ केला, भाषणं झाली, सगळे म्हणाले की काकांनी आमची घरं ऊबदार ठेवली. मी शेवटच्या रांगेत बसून ज्याने तो मेसेज टाकला होता त्याच्याकडे टक लावून बघत होते. गुलाबजाम मात्र दोनदा घेतले.

अधूनमधून मी फोन करते. काका सुखात आहेत. मुलगी जपते, नातवंडं "आबा" म्हणतात आणि पुढचं सगळं इंग्लिशमध्ये बोलतात. काकूंचा फोटो त्यांच्या खोलीत आहे. दिवा बॅटरीचा आहे, स्मोक अलार्ममुळे. मी विचारलं, "करमतं का?" तर म्हणाले, "घर चांगलं आहे. सगळे चांगले आहेत. पण हे वाळवंट आहे नागपूरकर. इथे कुणाला ऊब लागतच नाही गं." आणि मग उगाच हसले. फोन ठेवल्यावर मी ड्रॉवरमधला तो थर्मामीटर काढून पुसून ठेवला.

यंदा पहिली थंडी पडली त्या शनिवारी सकाळी मी चहा केला, व्हेंटपाशी जमिनीवर बसले, हात समोर धरला. हवा कोमट येत होती. अगदी जशी यायला हवी तशी. मी चँडलरला फोन लावला.

"काका, हीट चालत नाहीये हो. गारच येतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हात काढ," काका म्हणाले. आवाज एकदम पूर्वीचा. "हात खोटं बोलतो. थर्मामीटर आहे ना? आण. आणि आधी सांग, थर्मोस्टॅटच्या आसपास काय ठेवलंय?"

"काही नाही काका."

"नक्की ना?"

"नक्की."

मग फिल्टर झाला, व्हेंट झाले, ब्रेकर झाला. मी ज्या त्या ठिकाणी जाऊन, काही न करता, "हो, केलं" म्हणत होते. आता ते "ठेवतो" म्हणतील म्हणून मला भीती वाटत होती.

"बरं," काका म्हणाले. "आता वाट बघायची. फोन ठेवू नकोस, मी आहे."

"चहा घेतलात का?"

"घेतो अर्धा कप," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो.